पदपथ व लिंबाच्या झाडांपासून सूट मिळणेबाबत

समाज नियमांवर चालतो असं म्हणतात, पण ते अर्धसत्य आहे. समाज नियमांवर उभा राहतो. चालतो तो सवलतींवर. नियम सगळ्यांना सारखाच लागू असतो, त्यामुळे त्यात कुणाचाच मान राहत नाही. सवलत मात्र ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे मिळते. (वजन येथे किलोत मोजावयाचे नाही.)

बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला जोतीराम खारतोडे यांचं रान लागून आहे. त्यांना हे तत्त्व उशिरा कळलं, पण कळलं ते पक्कं. उभी हयात ऊस लावण्यात गेल्यावर त्यांनी त्याच रानात चार मजली इमारती लावायचं ठरवलं. उसाला पाणी द्यावं लागतं, इमारतीला नुसतं नाव दिलं तरी भागतं. नाव ठरलं 'वनश्री हाइट्स'. रस्त्यावर फलक लागला. त्यावर इतकी झाडं रंगवली होती की त्यातून इमारत शोधून काढावी लागे.

अडचण एवढीच, की फलकाच्या पुढं खरी झाडंही होती. रस्त्याच्या कडेनं कडुलिंबांची ओळच होती. ती कुणी लावली हे कुणालाच ठाऊक नसल्यानं ती सरकारी समजली जाई. या खऱ्या झाडांमुळे फलकावरची झाडं दिसत नव्हती. शिवाय नियम असा, की इमारतीपुढं लोकांना चालायला पदपथ सोडायचा आणि आहेत ती झाडं राखायची. पदपथ सोडला तर खालच्या गाळ्यांच्या पायऱ्या जाणार, आणि झाडं राखली तर गाळ्यांच्या पाट्या झाकणार.

"तात्या, तुम्ही काळजी करू नका," आर्किटेक्ट संदेश जोतीरामांना म्हणाला. या तरुणानं आजवर इमारतींपेक्षा अर्जच जास्त उभे केले होते. "आपण दोन्हीतून शिथिलता मागू."

अर्ज खरोखर देखणा झाला. त्यातली कारणं अशी :

एक, या भागात कुणीही पायी चालत नाही, सबब पदपथाची गरज नाही. (पदपथ नसल्यामुळे कुणी चालत नाही, ही बाब वेगळी असून ती वेगळ्या अर्जाचा विषय आहे.)

दोन, झाडांच्या मुळांनी पदपथ उचकटण्याचा संभव आहे.

तीन, पदपथाच्या खोदकामाने झाडांची मुळं तुटण्याचा संभव आहे. सबब ही दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेली असल्याने, शांतता राखण्यासाठी दोन्ही नसलेली बरी.

चार, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात तिप्पट झाडं नरसिंहपूरच्या बाजूला कुठंतरी लावण्यात येतील. सावली कोणत्या गावात पडावी याबाबत नियम मौन बाळगतो.

रान कागदोपत्री जोतीरामांच्या पत्नीच्या, सारजाबाईंच्या नावावर होतं. मागं कधीतरी ते तसं केलेलं बरं असतं असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे अर्जदार म्हणून सही सारजाबाईंची लागली. त्या भाकरी थापत होत्या. एक हात धुऊन त्यांनी सही केली आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत परत बसल्या.

सारजाबाईंना साखरेचा त्रास. (ऊस पिकवणाऱ्या घरात तो अनुभवाचा भाग मानला जातो.) डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, म्हणून त्या आणि शेजारची राजेश्वरी रोज सकाळी याच रस्त्यानं जायच्या. मागच्या हंगामात ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या मोळीनं राजेश्वरीला उडवलं. तिचा पाय तीन ठिकाणी मोडला. जोतीराम दवाखान्यात सफरचंदं घेऊन गेले होते, रस्त्यावरची रहदारी फार वाढली म्हणून हळहळलेही होते. तेव्हापासून सारजाबाई एकट्याच चालायच्या.

एके दिवशी दम लागला म्हणून त्या लिंबाखाली टेकल्या. बुंध्यावर नोटीस खिळ्यानं ठोकली होती. झाड तोडण्याबाबत कुणाची हरकत असल्यास कळवावे, असं त्यात होतं. (झाडाला खिळा ठोकू नये असाही नियम आहे, नोटिशीपुरती त्यातून सूट आहे.) खाली अर्जदाराचं नाव होतं, ते त्यांचं स्वतःचं. सारजाबाईंनी नोटीस दोनदा वाचली, पदर खोचला आणि थेट कार्यालय गाठून हरकत नोंदवली. सगळ्या प्रकरणात आलेली ती एकमेव हरकत होती.

जोतीरामांना ते जेवताना कळलं.

"अगं, तूच अर्ज केलाय आन् तूच हरकत घेतलीस?"

"व्हय."

"असं कुठं असतंय का?"

"त्यावर मला बोलता यायचं न्हाय," सारजाबाई पिठलं वाढत म्हणाल्या. "प्रकरण चालू हाय. सुनावणीत काय ते बोला."

सुनावणी संबंधित अधिकारी नागेशसाहेब यांच्यापुढं झाली. साहेब नियमाला धरून वागणारे, म्हणजे नियम हातात धरूनच बसणारे. अर्जदाराची खुर्ची डावीकडं, हरकतदाराची उजवीकडं, अशी तिथली शिस्त. शिपायानं पुकारा केला.

"अर्जदार सारजाबाई जोतीराम खारतोडे?"

"हाय," म्हणून त्या डावीकडं बसल्या.

"हरकतदार सारजाबाई जोतीराम खारतोडे?"

"हाय की," म्हणून त्या उठून उजवीकडं बसल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. "अर्जदाराचं म्हणणं काय?"

सारजाबाई पुन्हा डावीकडं आल्या. "हितं कुणी चालत न्हाय, असं लिवलंय."

"आणि हरकतदाराचं?"

त्या उजवीकडं गेल्या. "मी चालते."

"बाई, यातलं खरं कोणतं धरायचं?"

"लिवणारे हे हायती, चालणारी मी हाय. तुमीच ठरवा."

दोन्ही पक्ष एकमेकांच्या समक्ष हजर असूनही समेट होत नाही, असा शेरा मारून साहेबांनी स्थळपाहणी लावली.

पाहणीला सगळे गाडीतून आले. हंगाम भरात होता. "गाडीतून काय दिसणार? या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघा," सारजाबाई म्हणाल्या. एका बाईनं असं म्हटल्यावर नाही म्हणणं चौघांत बरं दिसेना. साहेब पुढं, मागं संदेश, त्याच्या मागं जोतीराम आणि सारजाबाई अशी कार्यालयाची पदयात्रा निघाली.

निम्म्यावर पोहोचले असतील, तोच मागून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. गाणी मोठ्यानं लावलेली, त्यामुळं चालकाला हाका ऐकू जाण्याची शक्यता नव्हती. समोरून एसटी आली. ट्रॅक्टर कडेला सरकला आणि ट्रॉलीबाहेर डोकावणारा ऊस खाली वाकत आला. साहेब कडेच्या चारीत उतरले. संदेश फायलीसकट त्यांच्या पाठोपाठ उतरला. जोतीराम मात्र जागीच खिळले. हातभर लांबून येणाऱ्या उसाकडं ते नुसते बघत राहिले. तेवढ्यात दंडाला हिसका बसला, आणि दुसऱ्या क्षणी ते लिंबाच्या बुंध्यामागं सारजाबाईंच्या अंगावर आदळले होते. उसाची टोकं सालीवर खरखरत पुढं गेली.

धुरळा बसला. साहेब चारीतूनच पंचनामा सांगू लागले : "पाहणीवेळी रस्त्यावर एकही पादचारी आढळून आला नाही."

संदेशला आनंद झाला. अर्जातलं पहिलंच कारण सिद्ध झालं होतं.

जोतीराम झाडाला टेकून उभे होते. "राजेश्वरीला असंच झालं व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिच्या बाजूला झाड नव्हतं," सारजाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या सदऱ्यावरची माती झटकू लागल्या.

दुसऱ्या दिवशी जोतीरामांनी सारजाबाईंची सही घेऊन शिथिलतेचा अर्ज मागं घेतला. आम्ही नियमाप्रमाणं पदपथ सोडतो आणि झाडं राखतो, असं त्यांनी लिहून दिलं. आणि इथून त्यांच्या खऱ्या अडचणीला सुरुवात झाली. नियम मोडायला सूट कशी द्यायची याची पद्धत कार्यालयात ठरलेली होती. नियम आपणहून पाळायला कुणी परवानगी मागितल्याचं मात्र कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"यात तुमचा फायदा काय?" साहेबांनी संशयानं विचारलं.

"काय न्हाय."

"म्हणजे काहीतरी आहे."

चौकशी बसली. पदपथाखाली काही पुरायचं आहे का, लिंबाच्या पाल्याचा धंदा आहे का, हे तपासण्यात आलं. संदेशनं तर, तात्यांना ट्रॉलीचा मार डोक्याला बसला असावा, असं खासगीत मत दिलं. जोतीराम हेलपाटे घालत राहिले. शेवटी आदेश निघाला : "विशेष बाब म्हणून नियमाप्रमाणे बांधकाम करण्यास मान्यता देण्यात येत आहे. हे उदाहरण इतरांनी पायंडा म्हणून वापरू नये."

पदपथ झाला. लिंबांना आळी केली. काठी टेकत राजेश्वरी बाहेर पडली, तिच्या जोडीनं सारजाबाई, आणि त्यांचं बघून आणखी बायका. गाळ्यांच्या पाट्या पाल्याआड गेल्या खऱ्या, पण सावलीला थांबलेलं माणूस सहसा काहीतरी घेऊनच जातं, असं जोतीरामांच्या ध्यानात आलं. एकदा तर ते स्वतःच पदपथावरून शेवटपर्यंत चालत जाऊन आले. उगीचच.

मग सदनिका विकल्या गेल्या आणि माणसं राहायला आली. माणसं चांगली, शिकलेली, झाडांची आवड असलेली. झाडं बघूनच तर त्यांनी घरं घेतली होती. आधी पदपथावर एक स्कूटर उभी राहिली. मग तिला सोबत म्हणून कार आली. कारसाठी सिमेंटचा उतार आला, उतारावर कुंड्या आल्या. बायका पुन्हा रस्त्यावरून चालू लागल्या. जोतीराम एकेकाला हटकत, तर जो तो अदबीनं म्हणे, "पाचच मिनिटांसाठी लावलीय, तात्या."

गेल्या आठवड्यात रहिवाशांचा अर्ज कार्यालयात दाखल झाला. पक्षी गाड्यांवर घाण करतात, सबब लिंबांपासून सूट मिळावी. पदपथ मोकळा पडून राहतो, सबब तो वाहनतळ समजावा. सह्या सगळ्यांच्या आहेत. ही मंडळी वाईट नाहीत, वाचकहो. ती अशा कथा आवडीनं वाचतात, लोकांना शिस्त नाही म्हणून हळहळतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुढं पाठवतात. तुम्हीही पाठवालच. त्याआधी फक्त खिडकीशी जाऊन खाली बघा, आणि तुमची गाडी या घडीला कशावर उभी आहे ते सांगा.

(पाचच मिनिटांसाठी, हे कारण आधीच देऊन झालेलं आहे. दुसरं सुचवा.)