शेळीबाईंच्या नजरेखालून गेलेली कादंबरी

एका जंगलात, मुलांनो, वाचणारे थोडे होते आणि लिहिणारे फार. मोर कविता करी. अस्वलाचं आत्मचरित्र चालू होतं. ससा प्रवासवर्णनं लिही, कारण तो सतत पळतच असे. त्या जंगलात रंभाजी नावाचं एक साळिंदर राहत असे. त्याने आजवर एक ओळही लिहिली नव्हती. म्हणून सगळे त्याला मान देत.

पण रंभाजीला एक गोष्ट सांगायची होती.

त्याचा थोरला भाऊ गेनू उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी पाणवठ्यावर गेला आणि वाघाने त्याला खाल्लं. रंभाजीने ते करवंदीच्या जाळीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण वाघ पडला राजा. त्याने आधीच दवंडी पिटवली होती की, या राज्यात कोणी कोणाला खात नाही. मग गेनू गेला कुठे? जंगलाने आपलं आपण उत्तर शोधलं. गेनू बायकोपोरांना टाकून पळाला. पलीकडच्या डोंगरात त्याचं कोणीतरी आहे.

गेनूची बायको ठकू हे ऐकून घेई. तिच्या पिल्लांना खारीची पोरं विचारत, "तुमच्या नव्या आईचं नाव काय रे?"

एक दिवस ती रंभाजीकडे आली.

"भावजी, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग सांगा की सगळ्यांना."

"चारचौघांत माझी जीभ वळत नाही, वहिनी."

"मग लिहा. इथं लिहीत नाही असं कोण आहे?"

रंभाजी लिहायला बसला. त्याने सागाची पानं गोळा केली. आपल्याच पाठीचा काटा उपटून तो त्यांवर अक्षरं कोरू लागला. काटा उपटताना डोळ्यांत पाणी येई, त्यामुळे तो नेमकंच लिही. कादंबरी पुरी झाली तेव्हा त्याची पाठ निम्मी उघडी पडली होती. कादंबरीचं नाव होतं, 'वाघाने गेनूला खाल्लं'.

त्या जंगलात पुस्तकं वडाच्या पारंब्यांना टांगून प्रसिद्ध करत. वड माकडाच्या ताब्यात होता. माकडाने पानं उलटसुलट केली आणि म्हणालं, "विषय चांगला आहे. पण असं कच्चं मी टांगत नाही. आधी शेळीबाईंच्या नजरेखालून जाऊ दे."

सुलक्षणाबाई शेळी शहरातून आल्या होत्या. त्यांचं बालपण एका छापखान्याच्या मागच्या अंगणात गेलं होतं. तिथे त्यांनी पुष्कळ वाङ्मय पचवलं होतं. दाढीमुळे त्या विचार करतायत असं नेहमीच वाटे. त्यांची पद्धत साधी होती. जे पान काढायचं, ते तिथल्या तिथे खाऊन टाकायचं. मोबदला तोच. "पान शिल्लक राहिलं की लेखक ते हळूच परत घालतो," असं त्या म्हणत.

"रंभाजीराव," त्या म्हणाल्या, "नावातच सगळं सांगून टाकलंत. मग आत वाचायचं काय?"

रंभाजीला ते पटलं. बाईंनी नावाचं पान खाल्लं.

"आता हा वाघ." हे म्हणताना बाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. "फार वेळा येतो."

"बाई, वाघच होता तो."

"असेल हो. पण घडलेलं सगळं साहित्यात घ्यायचं नसतं. 'मोठं जनावर' म्हणून बघा."

रंभाजीने तसं केलं. पुढच्या फेरीत बाईंना जनावरही ढोबळ वाटलं. त्यांनी 'सावली' सुचवली.

"आणि हा पंजात रुतलेला काटा. प्रतीक फार ठळक झालंय, रंभाजीराव."

"प्रतीक कुठलं, बाई? गेनूदादाचा काटा आहे तो. महाराज लंगडतात बघा."

"तेच म्हणते मी. वाचकाला इतकं बोट धरून नेऊ नये."

काट्याचं पान त्यांनी जपून चावलं.

शेवटी पाणवठ्याचं प्रकरण आलं. त्यात वाघ झाडामागून आला, गेनू ओरडला आणि पाणी लाल झालं, असं सारं होतं.

"हे भडक आहे," बाई म्हणाल्या.

"ते भडकच होतं, बाई."

"मरण आडोशाला घडू द्यावं. तुमच्यात एक मोठा लेखक दडलाय. मी आपला वरचा पाला काढतेय."

मुलांनो, रंभाजीला आजवर कोणी मोठा म्हटलं नव्हतं. लेखक तर नाहीच. त्याने मान खाली घातली. बाईंनी डोळे मिटून ते अख्खं प्रकरण खाल्लं.

त्यानंतर रंभाजीत फरक पडला. तो चालताना मध्येच थांबून आभाळाकडे बघू लागला. मोर त्याला आधी नमस्कार करू लागला. एकदा वाटेत ठकूवहिनी भेटली.

"भावजी, झालं का?"

"शेवटचा हात फिरवतोय."

"वाघ आहे ना त्यात?"

"आहे. पण सूचकपणे."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे जाणत्याला बरोबर कळेल."

"माझी पोरं जाणती नाहीत हो, भावजी," ठकू म्हणाली.

रंभाजीला वाटलं, वहिनींना कलेतलं काही कळत नाही.

कादंबरी टांगली गेली. नाव होतं, 'मावळतीचा ओलावा'. तीत एक साळिंदर एका संध्याकाळी पाणवठ्यावर जातं. संध्याकाळ बराच वेळ चालते. पाण्यावर एक सावली हलते. साळिंदर परत येत नाही. संपलं.

जंगल वेडं झालं. घुबडाने परीक्षण लिहिलं, 'संसाराच्या काट्यांतून सुटू पाहणाऱ्या पुरुषाची घुसमट इतक्या संयमाने आजवर कोणी मांडली नव्हती.' खारी एकमेकींना म्हणाल्या, "बघितलंस? गेनू पळालाच होता. सख्ख्या भावानेच लिहिलंय."

खुद्द वाघाने ती कादंबरी वाचली. वाचताना त्याला रडू आलं. त्याने दरबार भरवला आणि रंभाजीला राजमान्य लेखक केलं. रंभाजीच्या गळ्यात फुलांचा हार घातला. काट्यांमुळे तो जागोजागी फाटला, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेळीबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या, वाघापासून जरा अंतर राखून.

वाघ म्हणाला, "लेखकमहाशय, मनाला चुटपुट लागून राहिली. तो पाणवठ्यावर गेलेला शेवटी जातो कुठे?"



एक वाक्य पुरे होतं. ते रंभाजीला पाठ होतं. कधीकाळी त्याच्या कादंबरीचं तेच नाव होतं. आज विचारणारा राजा होता आणि ऐकायला सगळं जंगल बसलं होतं. मागे, अगदी कडेला, पिल्लांना घेऊन ठकूवहिनी उभी होती. तिने धाकट्याला वर उचलून धरलं, त्याला नीट ऐकू यावं म्हणून. रंभाजीच्या पाठीवरचे उरलेसुरले काटे ताठ उभे राहिले.

शेळीबाई हलकेच खाकरल्या.

"महाराज," रंभाजी म्हणाला, "ते मी वाचकावर सोडलंय."

"वा!" वाघ म्हणाला. "मला तेच तर आवडलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माकडाने फांदीवर उड्या मारल्या. अस्वल म्हणालं की, आपल्या आत्मचरित्रातूनही आता आपण स्वतःला काढून टाकणार.

दरबार उठल्यावर ठकूचं धाकटं पिल्लू रंभाजीजवळ आलं. त्याच्या हाराकडे बघत त्याने विचारलं, "काका, बाबा खरंच पळून गेले?"

रंभाजीने तोंड उघडलं. मग इकडेतिकडे पाहिलं. शेळीबाई जवळपास नव्हत्या.

ठकूवहिनीने पिल्लाला ओढून घेतलं. "चल रे," ती म्हणाली. "काकांना काही विचारू नकोस. ते आता लेखक झालेत."

तात्पर्य : मुलांनो, खरं असेल ते बेधडक लिहावं. मात्र आधी ते चांगल्या संपादकाला दाखवून घ्यावं. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लिहिलं, त्यालाही ते आवडतं.