नारायणकाकांचे हंस

नंदनवन कॉलनीत आमच्या शेजारी राहणारे नारायणकाका माणसाचं तोंड नंतर पाहतात. आधी त्याच्या सदऱ्याची कड उलटवून मागची बाजू पाहतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामांचा छापील कुर्ता भरमांडवात पोटापर्यंत वर केला आणि हळहळले, "पाहा ना जी, रंग आत उतरलाच नाही! मशीनचं काम आहे हे. फसवलं तुमाले." मामांच्या हातात आहेराचं ताट. कुर्ता खाली ओढावा तर ताट सुटतं! व्याह्यांशी बोलताना आम्ही आजही कपड्यांचा विषय काढत नाही.

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. एका पुस्तकात त्यांना एका चिंधीचा फोटो दिसला. काही शतकांपूर्वी गुजरातेत लाकडी ठशांनी छापलेलं सुती कापड, सापडलं थेट इजिप्तच्या वाळूत. त्यावर हंसांची रांग. झालं! काकांनी सागवानात तो हंस कोरला. उशांवर हंस, पडद्यांवर हंस, स्कूटरच्या सीटवरसुद्धा हंस. काका कापडावर ठसा धरायचे आणि कुसुमकाकू त्यावर मुठीनं ठोकायच्या. रांग केसभर हलली की काका ओरडत, "हंस आहे वं तो, बेवडा नाही!"

"मंग तुमीच ठोका," म्हणून काकू उठत. पाच मिनिटांनी परत येऊन बसत.

मागच्या वर्षी काकूंची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, हात वापरा, नाहीतर कायमचा जाईल. काकूंनी तो पदराखाली झाकला, तो झाकलाच.

परवा गेलो, तर बैठकीतल्या टेबलावर कापड अंथरलेलं. सात हंस उमटलेले, सगळे सरळ रेषेत. पुढे कोरं.

"मले एकट्याले जमून नाही राहिलं," काका धडधडीत खोटं बोलले. काकूंची खुर्ची टेबलाशी ओढून त्यांनी आठव्या हंसासाठी ठसा धरला. "ठोक वं."

"राहू द्या. कापड खराब करीन मी."

"कर."

मी दारातच थांबलो. मग पदराखालून हात बाहेर आला आणि ठशावर धपकन पडला. काकांच्या बोटांतून ठसा घसरला. रांग सोडून हंस तिरपाच उमटला.

काकूंनी मान फिरवली. "सांगतलं होतं ना."

काकांनी ठशाला पुन्हा रंग लावला. सात सरळ हंसांकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या तिरप्या हंसाच्या पुढे, त्याच्याच तिरप्या रेषेत, ठसा नीट जुळवून धरला.

"आता रांग इकडूनच जाईन," ते म्हणाले. "ठोक."