रंग तुमी सांगायचा

जब्बारभाई वायरमन घरी आले की आधी तुमची परीक्षा घेत. फ्यूज उडालेला असो, पंखा बसलेला असो नाहीतर जनरेटर मुका झालेला असो, ते बोर्ड उघडणार, आतली एक वायर चिमटीत धरून बाहेर ओढणार आणि घरच्या माणसाला विचारणार, "बोला, कोणता रंग?" तुम्ही म्हणायचं, लाल. ते म्हणणार, "पुसून बघा, मंग बोला." तुम्ही ती पुसायची आणि परत म्हणायचं, लाल. मग कुठं त्यांची पक्कड पिशवीतून बाहेर यायची.

जब्बार हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव लिहायची परवानगी त्यांनी दिलेली नाही आणि मागायची माझी छाती नाही. गाव मुखेडच्या अलीकडं की पलीकडं तेही सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्या गावात आयटीआय पास वायरमन ते एकटेच, बाकीचे सगळे बघून बघून शिकलेले. आणि आता त्या एकट्यालाच कुणी बोलवत नाही. हे माझ्यामुळं झालं. सांगायला जड जातंय, पण सात-आठ महिने पोटात ठेवून पाहिलं, तेही जमेना.

त्यांच्या पिशवीत पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेलं सर्टिफिकेट असे. नवं घर असलं की पहिल्यांदा सर्टिफिकेट. "वाचून घ्या. शिक्का मारलेला मानूस हाय, अंदाजपंचे काम करत न्हाई." घाई करणाऱ्याला ते एकच ऐकवत, "जल्दी का काम शैतान का." आणि कुणी कुरकुर केलीच, की ठरलेलं वाक्य यायचं, "घर तुमचं, वायर तुमची, रंग तुमी सांगायचा."

या परीक्षेत भलेभले घसरले. आमच्या बाजारपेठेत एक साडीवाले शेठ आहेत. दुकानाची अर्धी लाईन गेली तेव्हा जब्बारभाईंनी त्यांच्यापुढं वायर धरली. शेठ म्हणाले, "डाळिंबी."

"डाळिंबी कोणता फेज हाय, शेठ?"

"बरं, मग राणी कलर म्हणा."

"मला तीन फेज म्हाईत हाईत. लाल, पिवळा, निळा. तुमच्या राणीला दुकानात बशीवा."

गिऱ्हाईक बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेठनी वायर दारात नेली, उन्हात धरली, आणि पडेल आवाजात लाल म्हणून कबूल केलं. एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर तर पुढारी म्हणाले, मी काय तुझा नोकर आहे का रंग सांगायला? जब्बारभाईंनी पिशवी बांधली आणि पायरीवर बसून राहिले. शेवटी पुढाऱ्याच्या बायकोनं येऊन रंग सांगितले, तेव्हा बंगल्यात लाईट आली.

लोक म्हणायचे, मिस्त्री सर्किट आहे. मी म्हणायचो, अरे, हा खरा मास्तर आहे. बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, फळ्याकडं न बघता उत्तर देणाऱ्या पोरांचे कान पिळले. लोकांना आपल्या घरातली वायर कळावी म्हणून हा माणूस एवढा आटापिटा करतो, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. काय म्हणावं माझ्या अकलेला!

आमच्या आईला मात्र ही परीक्षा फार आवडायची. आई ब्याऐंशीची. जन्मभर चुलीचा धूर पिऊन फुप्फुसं गेलेली, त्यामुळं घरात ऑक्सिजनचं मशीन. मशीन विजेवर, आणि वीज कशी असते ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. म्हणून जनरेटर घेतला. खाली माझी बायको पिठाची गिरणी चालवते, त्यामुळं घराला थ्री फेज लाईन. लाल, पिवळी, निळी आणि चौथी काळी, न्यूट्रलची. जब्बारभाई आले की आई नाकात नळी घेऊन पलंगावरूनच उत्तरं द्यायची. "पिवळी हाय रे लेकरा, हळदीवानी."

"आजीला शंभरपैकी शंभर," जब्बारभाई म्हणायचे. "गुर्जी, तुमी नापास."

वैशाखात एक दिवस सकाळी दहाला लाईन गेली. जनरेटर सुरू झाला, पण त्याची वीज घरात येईना. लाईन आणि जनरेटर यांच्यामध्ये जे हँडल असतं, चेंजओव्हर म्हणतात त्याला, ते आतून वितळलं होतं. जब्बारभाई नवीन हँडल घेऊन धावत आले. तोवर आईला छोट्या सिलिंडरवर ठेवलं होतं आणि त्याचा काटा खाली खाली चालला होता. मी कानाला फोन लावून दुसरा सिलिंडर शोधत होतो. नांदेडचा एक दुकानदार म्हणत होता, संध्याकाळपर्यंत बघू.

हँडल गिरणीच्या भिंतीवर. पिठानं सगळ्या वायरी पांढऱ्या पडलेल्या. लाल झाली, पिवळी झाली. मग जब्बारभाईंनी तिसरी वायर धरली. "बोला, गुर्जी."

मी फोनवर होतो. "काळी," म्हटलं.

"पुसून बघा."

"काळीच आहे हो! किती वेळ लावता?"

"अन् ही?"

"मग ही निळी. झालं?"

मी दोन्हीकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

ते क्षणभर हातात वायर धरून उभे राहिले. वरून आईचा दम ऐकू येत होता, मध्येच तुटणारा. त्यांनी वायरी कसल्या, आणि तेवढ्यात गेलेली लाईनच परत आली. एरवी टेस्टर लावल्याशिवाय ते हँडलला हात लावू देत नसत. त्या दिवशी म्हणाले, "करा चालू, आजीला लावा लवकर."

मी चालू केलं. वरच्या खोलीत फट्दिशी आवाज झाला आणि मशीनमधून धूर निघाला.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि आठवतं ते सांगवत नाही. शेजाऱ्याच्या जीपमध्ये आईला घालताना मी भर गल्लीत जब्बारभाईंवर ओरडलो. आयुष्यात कधी त्यांना अरेतुरे केलं नव्हतं. "डोळे फुटले का तुझे? सर्टिफिकेट घालून फिरतो आणि माणसं मारतो?" सगळी गल्ली दारात उभी होती. जब्बारभाई पिठानं माखलेले हात तसेच धरून म्हणाले, "माझी चूक झाली, गुर्जी."

आई वाचली. दहा दिवसांनी नांदेडहून घरी आली, पण तेव्हापासून पलंगावरून उतरलेली नाही, आणि दोन शब्दांवर तिसरा बोलली की धाप लागते.

आईला आणायच्या आधी मी लातूरहून दुसरा वायरमन बोलावला. त्यानं हँडलचं झाकण काढलं, अंगठ्यानं वायरीवरचं पीठ पुसलं आणि म्हणाला, "सर, ही तर निळी आहे. न्यूट्रलच्या जागी फेज लावलाय. दोनशेतीसच्या मशीनला चारशे व्होल्ट गेले. कुणी केलं हे?"

माझं तोंड, माझी घाई, माझं 'काळीच आहे हो'. पण बाहेर काय पडलं? "होता एक," म्हणालो मी. झालं. लातूरच्या माणसानं चहा पिताना हॉटेलात सांगितलं, हॉटेलनं बाजाराला सांगितलं. निळी-काळी न कळणारा वायरमन! पंधरा दिवसांत जब्बारभाईंची पिशवी घरात खुंटीला लागली. मी गप्प बसलो. मास्तर म्हणून गावात जी काही पत आहे, ती सांभाळत बसलो, दुसरं काय!

आई रोज विचारायची. "जब्बार का येईना?" तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. परवा एकाच दिवसात तिनं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी चप्पल घातली.

जब्बारभाईंची बायको चार वर्षांमागं गेली, मुलगी निलंग्याला दिलेली. घरात एकटेच. मला बघून त्यांनी सतरंजी झटकली, स्टोव्हवर चहा ठेवला. आधी विचारलं, "आजी कशा हाईत?" मग मी घडाघडा सगळं बोललो. मी वायर पाहिलीच नव्हती, तुम्ही दोनदा विचारलंत, मी खोटं उत्तर दिलं. उद्याच्या बाजारात चौकात उभं राहून सांगतो, जब्बारभाईंची चूक नव्हती, माझी होती.

ते चहा गाळत होते. कप भरून वाहायला लागला तरी त्यांना कळलं नाही. मीच हात धरला.

"काय सांगताल, गुर्जी? जब्बारनं रंग विचारला अन् मी न बघता बोललो, असंच ना? मंग कोनीतरी म्हणंल की, जब्बारला विचारायची काय गरज पडली?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"साखर डोळ्यात उतरली. सहा वर्सं झाली. लाल-हिरवं थोडं थोडं दिसायचं, निळं अन् काळं तर एकच. नांदेडचा डॉक्टर म्हणला, हे परत येत न्हाई. काम तर हाताला सगळं येतं, फक्त रंग तेवढा कोनीतरी सांगायला लागतो." त्यांनी फडक्यानं सांडलेला चहा चाचपून पुसला. "आज लोक म्हणतात, जब्बारची चूक झाली. चूक तर कोनाची बी होते. वर्स-दोन वर्सात इसरतील, एखादा बोलवंल. जब्बारला दिसत न्हाई म्हणले, की कायमचं संपलं. तुमी चौकात काय बी सांगू नका. माझी एवढी इनंती हाय."

म्हणजे मी गप्प राहिलो तरी ते बदनाम, आणि खरं बोललो तर ते आंधळे. जन्मभर गणितं सोडवली, पण याला उत्तर काही सापडेना. मग विचारलं, "मी न बघता बोललो, ते तुम्हाला त्या दिवशी कळलं नव्हतं ना?"

"कळलं व्हतं की," जब्बारभाई म्हणाले. "बघून बोलणारा मानूस जरा थांबतो. तुमी थांबले न्हाई. तवाच हात आखडला व्हता माझा. पन वरून आजीचा दम ऐकू येऊन राहिला व्हता, गुर्जी. मंग मी बी थांबलो न्हाई."