साळिंदरबाईंचा काउंटर

एका जंगलात, बाळांनो, एक दवाखाना होता. दवाखाना होता म्हणजे तिथे डॉक्टर भेटायचे, असा अर्थ लगेच काढू नका. तुमची हीच खोड वाईट आहे. गोष्ट नीट ऐका.

दवाखाना एका गुहेत होता. आत डॉक्टर अस्वलकर बसत. हाताला मोठा गुण. एकदा त्यांनी नुसती नाडी बघून कासवाला सांगितलं, "तुमची धावपळ फार होते." कासवाची पाठदुखी त्या दिवसापासून थांबली ती थांबलीच.

पण डॉक्टर आत, आणि पेशंट बाहेर. मध्ये काउंटर. काउंटरमागे साळिंदरबाई. त्यांना सगळं जंगल 'मॅडम' म्हणायचं. वाघसुद्धा म्हणायचा. एकदाच तो 'अहो बाई' म्हणाला होता, तर त्याला दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळाला.

नंबराचा नियम सोपा होता. पहाटे रानकोंबडा आरवला की दहा मिनिटं नंबर द्यायचे. चाळीस नंबर. लांब राहणाऱ्यांसाठी फांदीवर एक राघू बसवलेला होता. त्याला आपलं नाव ओरडून सांगायचं, तो मॅडमना सांगणार. पण नाव ओरडलं की राघू म्हणायचा, "लाइन बिझी आहे. थोड्या वेळाने ओरडा." थोड्या वेळाने ओरडलं की म्हणायचा, "वेळ संपली आहे. उद्या ओरडा." हसू नका. गुडघा धरून टेकडीवर उभं राहून ओरडून बघा एकदा, म्हणजे कळेल.

आता जंगलातले प्राणी काही कमी शहाणे नव्हते. ऐन दुखण्यात नंबर मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी युक्ती काढली. आजारी पडायच्या आधीच नंबर लावून ठेवायचा! माकड तर दर सोमवारी येऊन गुरुवारचा नंबर घेऊन जाई.

"गुरुवारी काय होणार आहे तुम्हाला?" मॅडमनी एकदा विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील ना!" माकड म्हणालं. "मी सांगितलं तर त्यांना फी कशाची?"

आणि गुरुवार उजाडला, अंगात काही नसलं, तरी नंबर वाया कशाला घालवायचा? माकड आत जाऊन जीभ दाखवून यायचं. ससा कान दाखवायचा. रानडुक्कर म्हणायचं, "आलोच आहे तर वजन करून घेतो." डॉक्टर दिवसभर धडधाकट जिभा बघत आणि मोठमोठ्या जांभया देत. इकडे खरोखर आजारी असलेला प्राणी झुडपात कण्हत पडलेला असे, कारण त्याला आधी कळलंच नव्हतं की आपण आजारी पडणार आहोत. त्याची चूकच ती.

अशा या जंगलात भेकरराव आणि भेकरबाई हे जोडपं राहत होतं. साधी माणसं. म्हणजे साधी भेकरं.

एकदा भेकररावांना सर्दी झाली. साधी सर्दी. ते नंबर विचारायला काउंटरवर गेले आणि चुकून एक पाऊल तिथे आखलेल्या रेघेच्या पुढे पडलं.

"रेघेच्या मागे!" मॅडम ओरडल्या. आणि साळिंदर रागावलं की काय करतं हे तुम्हाला माहीत आहे. अंग फुलवतं आणि उलट्या पावली येऊन धडकतं. मॅडम धडकल्या. टोकदार काटा भेकररावांच्या मागच्या मांडीत घुसला आणि आतच मोडला.

सर्दी लागलीच पळाली, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

पण तिसऱ्या दिवशी मांडी भोपळ्याएवढी झाली. अंगात ताप. पाय टेकवेना. भेकरराव पडल्या पडल्या आकाशाकडे बघत राहिले. भेकरबाई रात्रभर त्यांच्याजवळ पहारा देत बसल्या. कारण, बाळांनो, जंगलात तीन पायांच्या भेकराला एकच नाव असतं. नाश्ता. ओढ्यापलीकडचा बिबट्या तर कालपासून तब्येतीची चौकशी करून जात होता. "घाई नाही," म्हणायचा, "मी आपला सहज."

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आधी भेकरबाई काउंटरवर हजर.

"मॅडम, आमच्या यांचा पाय बघायला हवा हो. आजच्या आज."

मॅडमनी वहीतून मान वर काढली नाही. त्या कुणाकडेच बघत नसत. दिवसभर शंभर तोंडं समोर येतात, त्यातली किती बघायची? "नाव?"

"भेकर."

"आजचे चाळीस आधीच गेले. तेराव्या दिवशीचा आहे, चालेल?"

"अहो, तेराव्या दिवशी तेरावंच घालावं लागेल! पाय सडत चाललाय."

"अर्जंट आहे का?"

"हो! हो! अर्जंट!"

"अर्जंट असेल तर तसं डॉक्टरांचं पत्र लागतं."

"मग डॉक्टरांना भेटू द्या, पत्र घेते."

"नंबर आहे?"

तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल की भेकरबाईंनी दोन शब्द सुनवायला हवे होते. वाटतंच. घरी बसून सगळ्यांनाच वाटतं. काउंटरसमोर उभं राहिलं की भल्याभल्यांच्या तोंडून 'प्लीज मॅडम' एवढंच निघतं.

"प्लीज मॅडम," भेकरबाई म्हणाल्या.

"हे बघा बाई, मी एकटी," मॅडम जरा नरमल्या. "राघूचं ऐकायचं, रांग बघायची, डॉक्टरांचा चहा बघायचा. मला सकाळपासून एक कंद कुरतडायला फुरसत नाही. आणि सगळ्यांनाच अर्जंट असतं. कुणी मला म्हणालाय का, की मॅडम, माझं सावकाश मरायचं आहे?" असं म्हणून त्यांनी वही मिटली.

भेकरबाई रांगेकडे वळल्या. पहिल्याच दगडावर माकड बसलं होतं. तो गुरुवार होता.

"भाऊजी, तुम्हाला काय झालंय?"

"अजून तरी काही नाही, वहिनी. वाट बघतोय."

"मग तुमचा नंबर आम्हाला द्या ना. उपकार होतील."

माकडाने छातीशी नंबराचं पान घट्ट धरलं. "वहिनी, दुसरं काहीही मागा. मागच्या महिन्यात मी नंबर सोडला आणि त्याच दिवशी मला शिंक आली! एकटा होतो हो घरी."

ससा म्हणाला, "माझा कुटुंबाचा नंबर आहे, बायकोला विचारावं लागेल." बायकोने लांबूनच मान हलवली. रानडुक्कर झोपेचं सोंग घेऊन घोरू लागलं. मेल्यांनो! हे मी म्हणतोय, भेकरबाई नाही म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं होतं.

तेवढ्यात एक मोर आला. पिसारा चापूनचोपून बसवलेला, गळ्यात चामड्याची बॅग, चोचीत हसू. रांगेकडे ढुंकूनही न बघता तो काउंटरशी गेला. रेघ ओलांडून गेला! भेकरबाईंनी भीतीने डोळे मिटले.

"या ना सर," मॅडमचा आवाज मधाळ झाला. "पाणी घेणार?"

मोराने एक रताळं काउंटरवर ठेवलं आणि तो सरळ आत गेला. अर्ध्या तासाने हसत बाहेर आला.

"हे कोण हो?" भेकरबाईंनी विचारलं.

"औषध कंपनीचे साहेब. नवीन औषध दाखवायला येतात."

"आजारी आहेत?"

"काहीतरीच काय!" मॅडम म्हणाल्या. "आजारी असते तर आत सोडलं असतं का?"

भेकरबाईंचं रडू तिथल्या तिथे थांबलं. त्या घरी निघाल्या त्या पळतच.

घरी येऊन त्यांनी पळसाची पानं टाचून एक बॅग केली. आत काय भरावं? हाताला लागला तो पाला भरला. मग त्यांनी नवऱ्याला हलवलं.

"अहो, उठा. दवाखान्यात जायचंय."

"नंबर मिळाला?" भेकररावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"नाही. नोकरी मिळाली. उठा, आणि कण्हू नका. रस्ताभर कण्हा, पण दारात पोचलात की तोंड हसरं ठेवा."

"मला हसवेना गं."

"त्या बिबट्याला आठवा. त्याला हसू देऊ नका."

भेकरराव उठले. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दात आवळायचे, पुन्हा एक पाऊल. एरवी दहा उड्यांची वाट, तिला दुपार झाली. वाटेत बिबट्या दोनदा आडवा आला आणि "सोबत येऊ का?" म्हणाला. भेकरबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काउंटरवर भेकरबाईंनी मान ताठ केली. "गुड आफ्टरनून, मॅडम. डॉक्टरसाहेबांना जरा नवीन काही दाखवायचं होतं." आणि एक जाडजूड रताळं पुढे सरकवलं.

मॅडमनी आधी रताळ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे. तोंडाकडे बघण्याचा प्रश्नच नव्हता. "या ना. पाणी घेणार? आणि हे मागे लंगडत कोण आलंय?"

"सॅम्पल," भेकरबाई म्हणाल्या.

"फुकट?"

"अगदी फुकट."

"जा, जा, आत न्या."

रांगेतलं माकड हळहळून म्हणालं, "नशीब लागतं."

आत डॉक्टर अस्वलकर जांभई देत होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "पाच मिनिटं आहेत. बोला. कशावरचं औषध आणलंय?"

"औषध नाही हो, डॉक्टर," भेकरबाईंचा बांध फुटला. "दुखणं आणलंय. खरंखुरं."

डॉक्टरांनी डोळे उघडले. समोर मांडी सुजून तट्ट झालेली, ताप फणफणलेला, डोळे आत गेलेले. डॉक्टर ताडकन उभे राहिले.

"अरेरे! केवढं सुजलंय! किती दिवस झाले?" त्यांच्या आवाजात काळजी होती आणि, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही होता. "सहा महिन्यांत मी एक आजारी प्राणी बघितला नाही. मला वाटायला लागलं होतं की जंगलात मीच एकटा आजारी आहे."

त्यांनी बाही सारली. भेकरबाईंनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सूज कापली, पू काढला आणि नखांनी धरून वीतभर लांब काटा ओढून बाहेर काढला. भेकरराव असे केकाटले की बाहेर ससा आपला नंबर टाकून पळाला.

डॉक्टरांनी काटा उजेडात धरला. पांढरा, काळा, पांढरा. त्यांनी दाराकडे बघितलं आणि काटा पटकन पाल्याखाली लपवला.

"डॉक्टर, हा काटा तर..." भेकरबाई बोलू लागल्या.

"हळू!" डॉक्टर कुजबुजले. "मलाही घरी जायचं असतं तिच्यासमोरून."

त्यांनी लेप लावला, पट्टी बांधली. पाय वाचला, म्हणाले. एक दिवस उशीर झाला असता तर नसता वाचला. भेकरबाईंनी डोळे पुसले. भेकररावांनी बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"आठ दिवसांनी पुन्हा दाखवायला या. पट्टी सोडायची आहे. बाहेर नंबर..." डॉक्टर मध्येच थांबले. "नको. बॅग घेऊनच या."

आता जंगलात गोष्ट लपते का? संध्याकाळपर्यंत माकडाने ती झाडोझाड पोचवली. दुसऱ्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या गळ्यात बॅग. पळसाच्या, सागाच्या, केळीच्या. मुंगळासुद्धा निंबोणीचं पान काखेत मारून "गुड मॉर्निंग" करू लागला. मॅडमसमोर रताळ्यांचा ढीग लागला.

पण मॅडम काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी नवी वही घातली. बॅगवाल्यांना नंबर!

आठव्या दिवशी भेकरबाई आणि भेकरराव दवाखान्यात आले. बघतात तो बॅगवाल्यांची रांग ओढ्यापर्यंत गेलेली. त्या रांगेत सत्तावन्नाव्या नंबरावर खरा मोर उन्हात उभा होता आणि आपण खरे आहोत हे पुढच्या मागच्यांना पटवत होता. पेशंटच्या रांगेत मात्र चिटपाखरू नव्हतं.

भेकरबाईंना हायसं वाटलं. त्यांनी बॅग झुडपात फेकली आणि पेशंटच्या रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या. रेघेच्या चांगलं चार हात मागे.

"मॅडम, पट्टी सोडायची आहे. आम्ही पेशंट आहोत."

"पेशंटचं बंद झालं," मॅडम म्हणाल्या.

"बंद? का हो?"

"येतच नाही कुणी. आठ दिवसांत या वहीत एक नाव नाही. वर कळवलंय तसं, की आपल्या जंगलात आजारी असं कुणी उरलेलंच नाही. सिंहमहाराज स्वतः येणार आहेत सोमवारी, सत्काराला. मला शाल, डॉक्टरांना नारळ." मॅडम जरा लाजल्या. "आणि गरजच नाही तर रोज दवाखाना कशाला, म्हणून डॉक्टर आता अमावस्येला तेवढे बसतील."

भेकरबाईंनी तोंडाला पदर लावला. भेकररावांनी पट्टीकडे बघितलं. मग त्यांनी मान वाकवली, दातांनी पट्टीची गाठ धरली आणि टर्रकन फाडून टाकली.

"चल गं घरी."

"अहो, पण पाय?"

"बरा झाला."

"कधी?"

"आत्ताच. हे ऐकलं ना, तेव्हा."

आणि भेकरराव चारही पायांनी असे धावत सुटले की भेकरबाईंना त्यांना गाठता गाठता धाप लागली. ओढ्याकाठी बसलेला बिबट्या बिचारा उठून उभा राहीपर्यंत दोघं दिसेनाशी झाली होती.

तात्पर्य : बाळांनो, आरोग्याला जपा. डॉक्टरांना भेटायचं म्हणजे प्रकृती ठणठणीत लागते.