घोडी सुटली, हाक सुटेना

मधुचंद्राला कुठं जायचं, असं कॉर्बिननं मला त्याच्या आईवडिलांसमोर, जेवणाच्या टेबलावर विचारलं आणि मी म्हणाले, "कुठंही चालेल."

एवढंच. दोन शब्द. माझ्या मनात समुद्र होता, पण तोंडातला बटाटा गिळेपर्यंत तो ओसरला.

"कुठंही?" सासऱ्यांनी काटा खाली ठेवला. "ऐकलंस, लोर्ना? पोरगी कुठंही म्हणते. मग प्रश्नच मिटला. वर रानात जाऊ."

या 'जाऊ'मध्ये कोण कोण आहे, हे मला निघायच्या दिवशी कळलं. पहाटे उठून बघते तर सासूबाई अंगणात खेचरांची ओझी बांधत होत्या.

"आम्ही नको यायला?" माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या. "जनावरं आमची, खोगिरं आमची. तुम्हा दोघांच्या हाती देऊन मी इथं देव पाण्यात घालून बसू?"

खेचराच्या दोन्ही बाजूंना सारखंच वजन लागतं, नाहीतर चढणीवर ओझं फिरतं आणि खेचर खवळतं. माझी बॅग एका बाजूला, बटाट्यांचं पोतं दुसऱ्या. बॅग हलकी भरली. तेव्हा सासऱ्यांनी ती उघडली, मधुचंद्रासाठी घेतलेल्या कपड्यांवर एक बिडाचा तवा ठेवला आणि पुन्हा बंद केली. (मी काही बोलले नाही. मी बोलत नाही. गावातल्या ग्रंथालयात माझी नोकरी आहे आणि माझ्या आवाजाला तिथलीच सवय आहे.)

आता मुख्य अडचण सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. सासूबाईंना काय म्हणून हाक मारायची, हे मला लग्न झाल्यापासून ठरवता आलं नव्हतं. "मिसेस टॅगर्ट" म्हणावं, तर आता मीसुद्धा मिसेस टॅगर्ट. "लोर्ना" म्हणावं, तर त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या आणि नजरेनं शाळेच्या मुख्याध्यापिका. "आई" म्हणायचं एकदा आरशासमोर करून बघितलं; आरशातली बाई ओशाळली. त्यामुळे मी त्यांना काहीच म्हणत नव्हते. काही हवं असलं की त्यांच्या समोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायचे. मीठ मागायला घरभर प्रदक्षिणा घालावी लागे, पण जमत होतं.

शिवाय मोठ्या दिरांच्या बायकोचा किस्सा माझ्या कानावर होता. तीही लग्नानंतर अशीच एकदा रानात आली होती. आता ती ॲरिझोनात असते. दिरांशिवाय. तिच्याबद्दल घरात कुणी वाईट बोलत नाही. फक्त "ती काही रानातली नव्हती" असं म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. माझ्याबद्दल कुणी असं खिडकीबाहेर बघू नये, एवढीच माझी इच्छा होती. मला कॉर्बिन आवडतो. त्याचं घरही आवडतं. त्या घरातली मला व्हायचं होतं.

जनावरं ट्रेलरमधून पायथ्याशी नेली आणि तिथून दुपारभर चढून आम्ही ओढ्याकाठच्या माळावर पोचलो. मोंटानातलं हे रान सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. आणि जे सगळ्यांचं असतं त्याला नियम फार. गवत आणायचं ते तणाचं बी नसलेलं, सरकारी शिक्क्याचं. ओढ्यात भांडी विसळायची नाहीत. घोडा थेट झाडाला बांधायचा नाही, साल सोलते. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळायचे, मधे डोक्यापेक्षा उंच दोर ताणायचा आणि त्या दावणीला घोडा बांधायचा. दावणही रोज हलवायची, नाहीतर खुरांनी जमीन उकरली जाते. आणि अन्न उघडं टाकून छावणी सोडायची नाही, कारण अस्वलं.

सासूबाईंचा स्वतःचा नियम मात्र एकच होता. तो त्यांनी मला पर्लच्या मानेवर हात ठेवून सांगितला. पर्ल म्हणजे त्यांची पांढरी घोडी, गळ्यात घंटा, वयानं माझ्याएवढी.

"ही बांधलेली असली ना, की बाकीची मोकळी सोडली तरी चालतात. खेचरं हिला सोडून जायची नाहीत. घोडेही नाहीत. पण ही सुटली," त्या थांबल्या, "तर ही घरची वाट धरते आणि मागे अख्खी वरात."

"बरं," मी म्हणाले.

"आणि घोड्यामागे धावायचं नाही," सासरे टोपीखालून म्हणाले. "धावलं की त्यालाही धावावंसं वाटतं."

"बरं."

दोन्ही नियम मी पाठ केले. संकट आलं ते दोन्हींच्या मधल्या फटीतून.

दुसऱ्या दिवशी घडीच्या टेबलावर न्याहारी आटोपता आटोपता कॉर्बिन दावण हलवायला निघाला. पर्लला सोडून तिचा दोर त्यानं माझ्या हातात दिला. "जरा धर, डेलिया. पट्टे त्या पलीकडच्या झाडांना बांधून आलोच."

मी धरला. पर्लनं माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या गवताकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. गवत खरंच चांगलं होतं. मी हातभर दोर सैल सोडला. तिनं ते गवत खाल्लं आणि त्याच्या पुढच्या गवताकडे बघितलं. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, हे माझी आई सांगत आलीय; पण ते घोड्यांनाही कळतं, हे तिला माहीत नव्हतं. हातभर, आणखी हातभर असं करत दोराचं टोक आलं. पर्लनं अगदी हळू, जणू माझा मान राखून, ते टोक माझ्या बोटांतून काढून घेतलं आणि चालू लागली.

धावली नाही. बाजाराला निघालेल्या बाईसारखी चालत गेली.

मी धावले नाही. नियम.

सासूबाई माझ्याकडे पाठ करून ओढ्यापासून योग्य अंतरावर तवा घासत होत्या. पर्ल त्यांच्या मागून, चार पावलांवरून गेली. घंटा वाजत होती, पण घंटा वाजतेय म्हणजे घोडी जागेवर आहे, असाच त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. कॉर्बिन झाडांआड होता. सासरे टोपी तोंडावर घेऊन पडले होते. फक्त एक हाक मारायची होती.

पण काय म्हणून?

मी खरंच विचार केला. "लोर्ना" ओठांपर्यंत आलं आणि मागे फिरलं. "मिसेस टॅगर्ट" म्हणजे रानात मी स्वतःलाच हाक मारल्यासारखं. "आई" म्हणावं, तर पहिल्यांदाच आणि तेही घोडी घालवताना? एवढ्यात एका खेचरानं मान वर केली. मग दुसऱ्यानं. घोड्यांनी तोंडातलं गवत टाकलं. एकामागून एक सगळी रांगेत, शाळेची सहल निघावी तशी, पर्लच्या मागे वाटेला लागली.

तेव्हा मी म्हणाले, "अहो... जरा..."

ज्या आवाजात आम्ही वाचकाला पुस्तकाची मुदत संपल्याचं सांगतो, त्या आवाजात. सासूबाईंनी ऐकलं नाही. शेवटच्या खेचराची शेपूट वळणाआड गेली.

मग मी नेहमीसारखी चालत जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले आणि त्यांचं लक्ष जायची वाट बघत थांबले.

"काय गं?" त्यांनी वर बघितलं.

मी माळाकडे बोट केलं. माळ स्वच्छ होता.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तवा खाली ठेवला, हात पुसले आणि बुटांच्या नाड्या आवळल्या.

"आर्लो!" त्यांनी हाक मारली. (काय सहज मारली!) "पर्ल गेली. मी आणि ही जातो मागे. तुम्ही दोघं इथंच थांबा. अन्न उघडं आहे, छावणी सोडू नका. कळलं?"

"कळलं," सासरे म्हणाले.

"कॉर्बिन?"

"कळलं, आई."

आम्ही दोघी वाटेला लागलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. सासूबाई दर वळणावर दरीत डोकावत आणि पुढे जात. मीही डोकावत होते. दर वेळी खाली पांढरा दगड दिसला की माझं काळीज लक्कन हलायचं.

"म्हातारी आहे," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "पाय घसरला तर उठायची नाही आता."

मला ॲरिझोना दिसू लागलं. तिथं ग्रंथालयं असतील का, असाही विचार मनात आला.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "माझ्या पाठीमागून गेली ना ती? मग हाक का नाही मारलीस?"

माझे डोळे भरून आले. "काय म्हणून मारू, तेच कळेना."

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग एका ओंडक्यावर बसल्या आणि हसायला लागल्या, म्हणजे खांदे हलत होते, आवाज नव्हता.

"अगं, मी माझ्या सासूला पोरं होईपर्यंत काहीच म्हणाले नाही. काहीच! पोरगं झालं की 'आजी' म्हणता येतं. कॉर्बिनचा मोठा भाऊ मुळात तेवढ्यासाठीच जन्माला आला."

"मग मी तुम्हाला काय म्हणू?"

"तुला सुचेल ते," त्या उठल्या. "सुचलं की म्हण. पण तोवर घोडी धरत जाऊ नकोस."

इतक्यात मागे वाळक्या काटक्या मोडल्या. सासूबाईंनी वळूनही बघितलं नाही.

"आले ना?" त्या मला म्हणाल्या.

आले होते. सासरे पुढे, कॉर्बिन मागे.

"तुम्हाला थांबायला सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"चष्मा सापडेना," सासरे म्हणाले. "म्हटलं, तुला विचारावं."

"टोपीवर आहे."

सासऱ्यांनी टोपी चाचपली. "हो की!"

"आणि तू?" त्यांनी कॉर्बिनकडे बघितलं.

"बाबा निघाले, म्हणून..." कॉर्बिन जमिनीकडे बघत म्हणाला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघून एक भुवई वर केली. नुसत्या नजरेनं त्यांनी मला एकटीला सांगितलेली ती पहिली गोष्ट आणि ती मला पूर्ण कळली.

दुपारी आम्ही पायथ्याशी पोचलो. ट्रेलरच्या सावलीत पर्ल उभी होती, धडधाकट, आणि भोवती सगळी मंडळी, आता दार कोण उघडतंय अशा चेहऱ्यानं. सासूबाई तिच्या गळ्यात पडल्या. मी खेचराच्या गळ्यात पडले. दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

परत चढताना खोगिरं नव्हती, ती वर छावणीत. उघड्या पाठीवर बसून तासा-दीड तासात आमची हाडं खिळखिळी झाली आणि शेवटच्या चढणीला सगळेच उतरून पायी चालू लागलो. माळ जवळ आला तसा सासूबाईंनी पर्लचा दोर माझ्या हातात दिला.

"धर."

"मी?"

"तू. ही तुझ्या हातून गेली, तुझ्याच हातून छावणीत आली पाहिजे. म्हणजे पुढं कुणी काही बोलायचं नाही."

मला भरून आलं. दोर मी मनगटाला नाही (ते धोक्याचं असतं), पण मुठीत असा आवळला की जीव गेला तरी सोडायचा नाही. आता कुणी माझ्याबद्दल खिडकीबाहेर बघणार नव्हतं. मी ताठ मानेनं, घोडी घेऊन, सगळ्यांच्या पुढे माळावर पाऊल टाकलं.

टेबलाशी अस्वल बसलं होतं.

सासऱ्यांच्या खुर्चीत. सकाळची धिरडी संपवून पाकाची बाटली तोंडाला लावलेली. पीठ सांडलेलं, तंबू आडवा. त्यानं बाटली खाली केली आणि माझ्याकडे बघितलं.

अस्वल दिसलं की पळायचं नाही, मोठ्यानं ओरडायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी तोंड उघडलं. काय ओरडायचं ते ठरवायला वेळ नव्हता आणि तिथं सकाळपासून एकच शब्द अडकून बसला होता.

"लोर्नाऽऽऽ!"

तो आवाज माझा होता, यावर माझा अजून विश्वास नाही. समोरच्या डोंगरानंही तो परत पाठवला. अस्वल खुर्चीसकट मागे पडलं, उठलं आणि मागे न बघता झाडीत पळालं.

सासऱ्यांनी टोपी काढली.

"लग्न झाल्यापासून," ते हळूच म्हणाले, "मला हे नाव एकदा या आवाजात घ्यायचं होतं. हिंमत झाली नाही."

कुणी हसलं नाही. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मीही बघितलं. मूठ अजून घट्ट आवळलेली होती. आत दोर नव्हता, तळहातावर फक्त त्याचा लाल वळ होता. आणि मागून उतारावरून घंटेचा आवाज येत होता. या वेळी ती चालत नव्हती, चौखूर उधळली होती, आणि पाठोपाठ घोडे, खेचरं, सगळी.

सासूबाई खाली बसल्या. शांतपणे बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या, उठल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत गप्प राहा."

जन्मात पहिल्यांदाच मला हे कुणी सांगत होतं.