केयाला व्हिसा लागत नाही

बत्तीस दशम्या, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या.

श्रीरंग खरोखरच नेपरव्हिलच्या बँकेचा खातेदार आहे, असं सांगणारं बँकेचं पत्र. तीन प्रती.

एक्सेल, ओळ बेचाळीस : 'सूर्यास्त पाहणे. १९ मिनिटं.'

मीनाक्षीने नागपूरला एम.ए. करताना वहीच्या मागच्या पानावर काढलेलं ग्रीसमधल्या डेल्फीचं देऊळ. खांब सहा.

"सर, तुमच्या मुलीचा पासपोर्ट एक्स्पायर झालाय."

हे शेवटचं शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाच्या काउंटरवरची बाई म्हणाली. श्रीरंग हसला. "नाही नाही, तिला व्हिसा लागत नाही. अमेरिकन आहे ती."

"व्हिसा नाही, पासपोर्ट. फेब्रुवारीतच संपलाय."

श्रीरंग-मीनाक्षीचे पासपोर्ट भारतीय. म्हणजे ग्रीससाठी व्हिसा, व्हिसासाठी अपॉइंटमेंट, अपॉइंटमेंटसाठी कागद. चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. निळ्या फाइलमध्ये दोघांच्या प्रत्येक कागदाला रंगीत टॅब होता. चौदा वर्षांची केया इथेच जन्मलेली, त्यामुळे तिला टॅबच नव्हता. लहान मुलांचा पासपोर्ट दहा नाही, पाचच वर्षं चालतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"वेट, म्हणजे आपल्यात मीच इल्लीगल?" केयाने विचारलं.

"घरात एकच पॉवरफुल पासपोर्ट," मीनाक्षी कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि नेमका तोच बंद!"

"सगळं कॅन्सल करू," श्रीरंगने फाइल मिटली. "पुढच्या समरमध्ये..."

"पुढच्या समरमध्ये पुन्हा व्हिसा, पुन्हा ते बँकेचं पत्र. वीस वर्षं 'पुढच्या समरमध्ये'च ऐकतेय यार!" मीनाक्षीने फाइल ओढून स्वतःचा पासपोर्ट काढला. "मी जाते. तुम्ही तिचा पासपोर्ट काढा आणि दोन दिवसांत या."

"एकटी?"

"अरे, दगड बघायला किती माणसं लागतात?"

ती गेली. दशम्या नेल्या, एक्सेल नेलं नाही.

मंगळवार. शिकागोचं पासपोर्ट ऑफिस. रांगेत दोन तास. खिडकीमागचा माणूस शांत होता. असल्या खिडक्यांमागे शांतच माणसं बसवतात.

"मुलगी सोळाच्या आतली आहे. आई-वडील दोघंही हजर पाहिजेत. नाहीतर आईची नोटरी केलेली संमती."

"आई ग्रीसमध्ये आहे."

"कशासाठी?"

"आमची फॅमिली ट्रिप चालू आहे," श्रीरंग म्हणाला.

माणसाने श्रीरंगच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग केयाकडे. केयाने खांदे उडवले.

बाहेर फुटपाथवर येऊन श्रीरंगने फोन लावला. "मीना, आहेस तिथे ताबडतोब नोटरी शोध."

"डेल्फीत? इथे सहा खांब आहेत, श्री. एकाकडेही शिक्का नाही."

"मग अथेन्सला परत जा! एम्बसीत मिळेल."

"मिळते. शुक्रवारची अपॉइंटमेंट होती. मी कालच नियम वाचून बघितली." मागे शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. "घेतली नाही."

"का?"

"शनिवारी मी परतच येतेय ना. शुक्रवारी नोटरी करून तुम्ही काय मला निरोप द्यायला अथेन्सला येणार?"

श्रीरंगने फोन ठेवला. दुपारी बापलेक हॅल्स्टेड स्ट्रीटवरच्या ग्रीक हॉटेलात गेले. वेटरने चीजवर ब्रँडी ओतून भडका उडवला आणि "ओपा!" म्हणून ओरडला. श्रीरंगने दचकून फाइल छातीशी धरली.

"बाबा, रिलॅक्स. इट्स जस्ट चीज."

"मी रिलॅक्सच आहे!" तो एवढ्या जोरात म्हणाला की शेजारच्या टेबलानेही "ओपा!" केलं.

तेवढ्यात फोटो आला. मीनाक्षी एका तुटक्या भिंतीवर बसली होती. दोन्ही बाजूंना काळ्या कपड्यांतल्या दोन ग्रीक आजीबाई, तिघींच्या हातांत दशम्या. खाली लिहिलं होतं : 'उद्याही इथेच राहतेय. इथे कुणालाच घाई नाही.'

श्रीरंगने फोन पालथा ठेवला आणि ओरडल्यासारखं विचारलं, "पण चार महिन्यांत एकालाही सुचू नये?"

केया चीज खात राहिली.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिने विचारलं होतं, "बाबा, माझा पासपोर्ट चेक केला का?" श्रीरंग तेव्हा व्हिसा ऑफिसच्या फोनवर होल्डवर होता. त्याने तिला हातानेच गप्प बसायला सांगितलं.