सासूबाईंच्या मरणाआधीचं जेवण

वेळ पाळण्यात अख्ख्या कुताइसी शहरात माझा हात धरणारा कोणी नाही! त्या संध्याकाळीही मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "लमारा, पटकन चार खिंकाली खाऊ, एकेक पेला वाइन घेऊ आणि पडदा उघडायच्या आत खुर्चीत!"

"बद्री, आई पहिल्याच प्रवेशात मरते," लमारा म्हणाली. "ते चुकलं तर घरी येऊ नकोस."

प्रकरण गंभीर होतं. माझ्या सासूबाईंनी, त्सियालाबाईंनी, उभा जन्म विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. आता कुठे त्यांना स्वतःची भूमिका मिळाली होती. खाटेवरची आजी. पडदा उघडतो, आजी थोडं बोलते आणि मरते. संपलं! "जावई पहिल्या रांगेत हवा. मी मेल्यावरही एका डोळ्यानं बघणार आहे," असं त्यांनी बजावलं होतं.

खिंकाली आल्या. खिमा भरलेल्या, वाफाळत्या, गुबगुबीत! पहिलीतला रस ओरपतोय तोच शेजारच्या टेबलावरून वाइनची सुरई आली. पाठवणारा आंब्रोसी, डोंगरातल्या गावचा झुपकेदार मिशांचा गडी आणि त्या टेबलाचा तमादा. म्हणजे कोणाच्या नावानं प्यायचं हे तोच ठरवणार. आता शेजाऱ्याची सुरई परत पाठवणं म्हणजे त्याच्या बापाचा उद्धार! मी उठून त्याच्या नावानं पेला उचलला. झालं! दोन्ही टेबलं जोडली गेली.

"शांततेसाठी!" आंब्रोसी गरजला. प्यालो. "मायभूमीसाठी!" प्यालो. मग आईवडील, मग गेलेले पूर्वज, मग अजून न जन्मलेली नातवंडं! तमादा बोलत असताना कोणी उठायचं नसतं, आणि हा गडी तर श्वास घ्यायलाही थांबेना. खालून लमाराची टाच माझ्या पायावर पडत होती.

"आंब्रोसीदादा, आम्हाला नाटकाला..."

"नाटक कुठं पळून जातंय? बस खाली! आता समस्त नटांसाठी!"

शेवटी मी ठेवणीतलं हत्यार काढलं. डोळे पुसत म्हणालो, "दादा, माझी सासू शेवटच्या घटका मोजतेय हो! निरोप घ्यायचाय!"

आंब्रोसीनं पेला खाली ठेवला. मला वाटलं, सुटलो!

"आणि हे तू आत्ता सांगतोस, गाढवा?" आंब्रोसीचा आवाज कापला. सगळी मंडळी उभी राहिली. "त्या माउलीच्या नावानं!" पेले रिकामे झाले. "चला रे! अशा वेळी जावयाला एकटं सोडायचं?"

"नको, नको! त्यांना गर्दी सोसत नाही!"

"मरणाऱ्याला गर्दीच लागते!"

खानावळीच्या मालकीणबाईंनी हुंदका देत राजम्याची भली मोठी परात आमच्या हवाली केली. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं! वरात निघाली. थिएटरपाशी आंब्रोसी थबकला.

"इथं?"

"त्या इथंच कामाला असतात," मी पुटपुटलो.

"कामावरच मरतेय! काय मानी बाई!" त्यानं टोपी काढली.

"तिकिटं?" दारावरच्या बाईंनी विचारलं.

"अहो, आत माणूस मरतंय!"

"रोजच मरतं. तिकिटं?"

आंब्रोसीनं परात त्यांच्या हातात ठेवली. दोन्ही हात अडकल्यावर बाई कोणाला अडवणार? आम्ही आत, थेट पहिल्या रांगेत!

पडदा उघडला होता. खाटेवर सासूबाई कण्हत होत्या. आता सांगावंच लागलं. "दादा... त्या नाटकात मरतायत."

आंब्रोसीनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता मुस्काटात बसणार म्हणून मी डोळे गच्च मिटून घेतले. पण तो पुटपुटला, "तिच्या नावानं पेला उचलला तो उचलला! आता मागं कसा घेणार?"

आणि सासूबाईंची मान कलंडताच त्यानं हंबरडा फोडला! मागोमाग त्याची मंडळी, मग सगळं थिएटर. लमारा म्हणते, मेलेल्या आईनं एक डोळा उघडला, पहिली रांग न्याहाळली आणि समाधानानं पुन्हा मेली. मी पाहिलं नाही. माझे डोळे अजून मिटलेलेच होते.

नाटक संपल्यावर सासूबाईंनी आंब्रोसीच्या माणसांना एकेकाला कवटाळलं. मी पुढे सरसावलो, "आई, बघा, कसे वेळेवर..."

"परकी माणसं ढसाढसा रडली!" सासूबाई कडाडल्या. "आणि माझा जावई? पहिल्या रांगेत डोळे मिटून झोपलेला!"

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा मरणार आहेत. मी घरूनच जेवून जाणार आहे. खिशात फक्त एक कांदा ठेवीन म्हणतो.